सम्यकचा मास्क आणि गप्प बसलेली गल्ली

डॉक्टरांनी सम्यकच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथं खळगा पडला होता. तो लगेच भरून आला नाही. सम्यकला खळगा आवडला. त्यानं स्वतःचा अंगठा लावून शेजारी आणखी एक पाडला.

“नेफ्रॉटिक सिंड्रोम,” डॉक्टर म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या फार बारीक चाळण्या असतात. त्या सैल झाल्या की रक्तातलं प्रोटीन लघवीवाटे निघून जातं आणि पाणी अंगात साठू लागतं. “लहान मुलांमध्ये होतो हा आजार. बहुतेक मुलं यातून बाहेर येतात. पण तो परत परत डोकं वर काढतो. धीर धरावा लागेल, सर.”

मी मान हलवली.

त्याआधी आठवडाभर सम्यक सकाळी उठला की त्याचे डोळे सुजलेले दिसत. दुपारपर्यंत सूज उतरायची. शेजारच्या शोभामावशी म्हणाल्या, “डास चावलाय वो सर, हळद लावा.” मी हळद लावली. मग त्याची चप्पल पायात जाईना आणि लघवीला फेस येऊ लागला, तेव्हा मी त्याला दवाखान्यात नेलं. तुमच्या मुलाचे डोळे रोज सकाळी सुजत असतील, तर तुम्ही हळदीवर थांबू नका. लघवीची एक साधी तपासणी करून घ्या.

सम्यक नऊ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, पण मला तो शब्द सम्यकला लागू पडतो असं वाटत नाही. तो स्वतःत बुडालेला नसतो. उलट बाहेरचं सगळं त्याच्यापर्यंत फार जोरात पोहोचतं. कुकरची शिट्टी, शर्टाच्या मानेवरचं लेबल, नळाखाली बादली भरतानाचा आवाज. बोलतो फार थोडं. मोजके शब्द, तेही त्याला हवे तेव्हा.

त्याची आई, माझी पत्नी सुजाता, दोन वर्षांपूर्वी एका दुपारी हृदयविकारानं गेली. सम्यकला काय चालतं आणि काय नाही, हे तिला न सांगता कळायचं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. मला गोष्टी वाचून कळतात, आणि त्याही उशिरा कळतात.

पहिले दिवस तपासण्यांचे होते. रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी. सोनोग्राफीला पोटावर लावतात त्या थंड जेलनं तो किंचाळला. बाकावर बसलेल्या सगळ्यांनी आमच्याकडे वळून बघितलं. रक्त घ्यायला दोन सिस्टर आणि मी, असे तिघं लागलो. बाकीचा वेळ वाट बघण्यात गेला. दवाखान्याच्या बाकावर मी पुस्तक उघडून बसायचो आणि तेच पान परत परत वाचायचो. सम्यक समोरच्या भिंतीवरचा पंखा बघत बसायचा. आम्हा दोघांत जास्त मन लावून कोण बसलं होतं, हे सांगायची गरज नाही.

मग स्टिरॉइड सुरू झालं. सूज उतरली, भूक वाढली. मीठ कमी केलेलं जेवण कोल्हापुरात वाढणं ही वेगळीच परीक्षा आहे. गल्लीतून रोज कुठल्या ना कुठल्या घरातून रश्श्याची फोडणी यायची आणि सम्यक ताट घेऊन त्या दिशेला तोंड करून बसायचा. शोभामावशींनी त्याच्यापुरती अळणी आमटी करून द्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “आगं आई गं! ह्येच्यापरास औषध बरं.” पण रोज करून दिली.

औषध कमी करत आणलं की लघवीत प्रोटीन परत यायचं. दोनदा तसं झाल्यावर डॉक्टरांनी दुसरं औषध सुरू केलं. या औषधांना इम्युनोसप्रेसंट म्हणतात. ती शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. मूत्रपिंडाचं रक्षण होतं, पण साधा खोकलाही महागात पडू शकतो.

“शाळा कायमची बंद करा, असं मी म्हणणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण सध्या गावात तापाची साथ आहे. शाळेच्या बसमध्ये आणि दवाखान्यात त्याच्या तोंडावर मास्क टिकणार असेल, तरच पाठवा. नाहीतर काही महिने घरीच.”

ऐकायला साधी वाटली, पण आमच्या घरातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच होती.

सुजाता गेल्यानंतर सम्यकच्या दिवसाला धरून ठेवणारी एकच वस्तू होती, त्याच्या विशेष शाळेची पिवळी बस. बस आली की दिवस सुरू, बस परत आली की दिवस संपला. आजारपणात ती बंद झाली. तरी तो रोज सकाळी दप्तर लावून उंबऱ्यात उभा राहायचा. बस गल्लीच्या तोंडाशी थांबायची, बाकीची मुलं चढायची, ती निघून जायची. मग सम्यक दाराच्या चौकटीवर डोकं आपटायचा. मी चौकटीला जुनी उशी बांधली. तो उशीच्या वर जिथं लाकूड उघडं होतं, तिथं आपटू लागला. दवाखान्यातल्या सुया मी सहन करू शकलो. हा आवाज मला सहन होत नव्हता.

त्याला बसमध्ये बसवायचं तर मास्क हवा होता. आणि सम्यकच्या चेहऱ्याला रुमालसुद्धा लागलेला त्याला चालत नसे.

पहिला प्रयत्न आमच्याकडच्या पद्धतीनं झाला. सुजाताचा धाकटा भाऊ मिलिंद कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ओतकामाच्या फाउंड्रीत काम करतो. तिथं धुळीमुळे मास्क लागतो. त्यानं तसला एक जाडजूड मास्क आणला. समोर झडप, मागं दोन पट्टे.

“दाजी, ह्यो एकदम भारी हाय. आमच्यात पंधरा मिन्टांत सवय हुत्या. सम्या, हिकडं ये लेका. मामा घालतोय, तू बी घाल की.”

मिलिंदनं स्वतःच्या तोंडावर तो चढवला. सम्यकनं मामाकडं बघितलं आणि तो बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसला. मामाचं तोंड नाहीसं झालं होतं. माणसाचं तोंड हलताना बघूनच सम्यकला बोलणं कळतं, हे त्या दिवशी मला उमगलं.

मग मी त्याच्या थेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत. म्हणजे अशा मुलांना कपडे घालणं, जेवणं, स्पर्श सहन करणं हे रोजचं जगणं पायरीपायरीनं शिकवणाऱ्या. त्यांनी सांगितलं ते तुमच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहितो.

मास्क आधी नुसता घरात असू द्यायचा. टेबलावर, त्याच्या गाड्यांच्या शेजारी. नव्या मास्कला वास येतो, तर तो दिवसभर उघड्यावर ठेवून वास घालवायचा. मग तो हाताला लावायचा, मग गालाला, मग हनुवटीला. नाकापर्यंत जाण्याची घाई नाही. मूल दमलेलं, भुकेलेलं किंवा चिडलेलं असताना सराव करायचाच नाही. आणि दरवेळी त्याला ठाऊक हवं, की हे कधी संपणार आहे.

डॉक्टरांनी त्यात एक भर घातली. “त्याला स्वतःच्या हातानं काढता आलाच पाहिजे. दम लागला, ओठ निळसर वाटले, तर लगेच काढायचा. आणि झोपेत कधीच नाही.”

मी कानांना अडकवायचा साधा मास्क आणला, पण त्याचे रबर सम्यकला टोचत होते. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात; मिलिंदनं स्वतःच्या लाडक्या तालमीच्या संघाची टोपी आणली. शोभामावशींनी तिच्या दोन्ही बाजूंना मोठी बटणं शिवली. रबर कानांऐवजी बटणांत अडकू लागले. टोपी सम्यकला पहिल्या क्षणापासून आवडली. मास्क हनुवटीपर्यंत आला, मग ओठांपर्यंत, आणि एका संध्याकाळी दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसलेला असताना त्यानं माझा हात धरून तो स्वतःच नाकावर नेला.

वेळ कळावी म्हणून मोबाइलवर छोटी घंटा लावली होती. ती वाजेपर्यंत मास्क जागेवर राहिला.

आणि गल्लीला ते दिसलं.

गेला महिनाभर आमचा सराव हा गल्लीचाच विषय झाला होता. मिलिंद त्या दिवशी सुट्टीवर होता. त्यानं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, “नाद खुळाऽऽ!” शोभामावशींनी टाळ्या पिटल्या. समोरच्या गाळ्यातल्या पोरांनी फुटबॉलच्या मैदानात गोल झाल्यावर मारतात तशा शिट्ट्या घातल्या. वरच्या खिडकीतून कुणीतरी थाळी वाजवली. आमच्याकडं कौतुक असंच करतात. कुणी दहावी पास झालं, कुणी कुस्ती मारली, कुणाला नोकरी लागली की आधी आवाज. हळू केलेलं कौतुक इथं कौतुकात धरत नाहीत.

सम्यकनं मास्क ओरबाडून काढला. टोपी रस्त्यावर फेकली. स्वतःच्या मनगटाला इतक्या जोरात चावला की रक्त आलं. मी त्याला उचलून आत नेलं. बाहेर एकदम शांतता पसरली होती.

त्यानंतर मास्क नुसता दिसला तरी तो पळून जाऊ लागला. टोपीकडंही बघेना. महिनाभराचं काम पुसलं गेलं. सकाळी चौकटीवर डोकं आपटणं वाढलं.

मिलिंद चार-पाच दिवस फिरकला नाही. मग एका सकाळी पाळीवरून थेट आला. दारातच उभा राहिला, चप्पल काढेना.

“दाजी, माझ्यामुळं झालं सगळं.”

“आत ये.”

“ताई असती तर तिनं माझं तोंड दाबलं असतं. तिला कळत हुतं. मला न्हाई कळत.” त्याचा आवाज एरवी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो. त्या दिवशी मला तो वाकून ऐकावा लागला.

मी म्हणालो, “मलाही कळलं नाही, मिलिंद. मी तिथंच बसलो होतो.”

आम्ही दोघांनी चहा घेतला. तो सुजाताबद्दल बोलत राहिला. ती गेल्यानंतर तिच्याबद्दल इतका वेळ आम्ही कधी बोललो नव्हतो. लहानपणी तो रडायला लागला की ती काय करायची, हे त्यानं सांगितलं. ती गप्प राहून त्याच्याजवळ बसायची, बस इतकंच.

थेरपिस्ट मॅडमना झाला प्रकार सांगितला. त्या म्हणाल्या, “परत टेबलापासून सुरू करू. आणि ती घंटा बंद करा. त्याच्या ओळखीचं, शांत असं काहीतरी शोधा. ज्याची सुरुवात आणि शेवट त्याला आधीपासून माहीत आहे.”

मी बरेच दिवस विचार केला. असं आमच्या घरात एकच होतं. रोज संध्याकाळी सुजाता बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावून वंदना म्हणायची. सम्यक तिच्या मांडीला टेकून बसायचा. वंदना संपली की न सांगता हात जोडायचा. ती गेल्यावर मी मेणबत्ती लावत राहिलो, पण वंदना म्हटली नाही. मला पाठ होती. आवाज निघत नव्हता.

त्या संध्याकाळी मी म्हणायला बसलो. पहिली ओळ अडखळत म्हटली. दुसऱ्या ओळीला सम्यक आतल्या खोलीतून आला आणि माझ्या मांडीला टेकून बसला. पुढं मला कुठंच अडखळावं लागलं नाही. शेवटी त्यानं हात जोडले.

काही दिवस आम्ही नुसती वंदनाच म्हटली. मग मास्क आणि टोपी शेजारी ठेवून म्हटली. मग मी मास्क लावून म्हटली, आधी त्याला माझं तोंड दिसू देऊन. मग त्याच्या डोक्यावर टोपी आणि हनुवटीवर मास्क, एका ओळीपुरता. पुढच्या आठवड्यात नाकावर, त्रिसरण, म्हणजे वंदनेतला ‘बुद्धं सरणं गच्छामि’चा भाग, संपेपर्यंत. संपणार कधी हे त्याला माहीत होतं, म्हणून तो थांबू शकत होता. हात जोडायचे आणि मास्क काढायचा. एकदा मास्कच्या आतून मला गुणगुणणं ऐकू आलं. शब्द नव्हते, पण चाल तीच होती. सुजाता ज्या ठिकाणी किंचित लांबवायची, तिथं त्यानं लांबवली. मी लांबवत नव्हतो.

मी थांबलो नाही, वळून बघितलं नाही, शाबास म्हणालो नाही. आता मला तेवढं कळत होतं.

मिलिंदनं इकडं गल्लीचं काम हातात घेतलं. तो घरोघरी गेला. “पोरगं मास्क लावून भाईर येईल तवा कुनी टाळी वाजवायची न्हाई. शिट्टी न्हाई. हाक सुदिक मारायची न्हाई. ज्यानं आवाज केला त्याची माझ्याशी गाठ हाय.” हे तो सगळ्यांना इतक्या मोठ्यानं सांगत होता, की मला घरात बसून प्रत्येक शब्द कळला.

शोभामावशी म्हणाल्या, “आमी कोल्हापूरची मान्सं. गप ऱ्हायचं म्हंजे चार उपास परवडलं. पर ऱ्हाऊ.”

“तुमी ऱ्हाशीला मावशी?” मिलिंदनं विचारलं. “पैज लावू काय?”

“जा रं. तुझंच तोंड आधी शिव.”

सरावासाठी आम्ही, मी हळूच वंदना म्हणत, आधी कट्ट्यावर गेलो, मग कोपऱ्यापर्यंत, मग दवाखान्यात. दवाखान्यात सम्यक मास्क लावून पंखा बघत बसला. डॉक्टरांनी तपासताना विचारलं, “हे कसं जमवलंत?” मी सांगितलं. त्यांनी तपासणीचा कागद उचलून बघितला. मग म्हणाल्या, “लघवीत प्रोटीन नाहीये यावेळी. पाठवा त्याला बसनं.”

तो सोमवार होता. सम्यकनं टोपी घातली, मास्क बटणांत अडकवला, दप्तर लावलं. आम्ही बाहेर पडलो. गल्लीत सगळे होते. रोजच्यापेक्षा जास्तच होते, पण प्रत्येकजण काहीतरी करत असल्याचं दाखवत होता. शोभामावशी धुतलेलीच पायरी परत धूत होत्या. समोरची पोरं गाळ्यात पाठमोरी उभी होती. मिलिंद रात्रपाळी करून आला होता आणि बंद पडलेल्या मोटारसायकलशी खटपट करत होता. ती बंद पडलेली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. स्वयंपाकघरांतली भांडीसुद्धा वाजत नव्हती. माझ्या लग्नापासून मी या गल्लीत राहतो. इथं मला स्वतःच्या चपलांचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला.

बस आली. सम्यक चढला. खिडकीपाशी बसला. मास्क नाकावर होता. बस गेली.

मी घरी आलो आणि चौकटीला बांधलेली उशी सोडून काढली.

संध्याकाळी तो परतला तेव्हा वेगळाच पेच उभा राहिला. तो मास्क काढेना. हातपाय धुतले, तरी मास्क. ताट वाढलं, तरी मास्क. भाकरीचा तुकडा हातात धरून तो मास्ककडं नेई आणि परत ताटात ठेवी. अशा मुलांचं असंच असतं. एखादी गोष्ट जमली की ती जमलेलीच राहिली पाहिजे. मी डॉक्टरांना फोन लावला. त्या हसल्या. “घालायला शिकवलंत, आता काढायलाही शिकवा. ओढू मात्र नका.”

मी ओढला नाही. त्याच्या शेजारी बसून जेवायला लागलो. घास घ्यायचो, सावकाश चावायचो, त्याला माझं तोंड दिसेल असा बसायचो. शोभामावशी अळणी आमटी घेऊन आल्या, दारातूनच सगळं बघितलं, वाटी खाली ठेवली आणि काही न बोलता गेल्या.

बऱ्याच वेळानं सम्यकनं एक रबर बटणातून सोडवला. मग दुसरा. मास्क नीट घडी करून ताटाच्या कडेला ठेवला. नाकावर लाल वळ उमटला होता. त्यानं वाटी तोंडाला लावून आमटी पिऊन टाकली आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असं मूल असेल, तर मला एवढंच सांगायचं आहे. आजार अजून गेलेला नाही. उद्या सकाळी सम्यकचे डोळे परत सुजलेले असू शकतात. मी रोज लघवी पट्टीवर तपासतो, आणि पट्टीचा रंग प्रत्येक वेळी दोनदा बघतो. पण औषधाच्या जोडीला मला खूप काही मिळालं. वेळ काढून सांगणाऱ्या डॉक्टर मिळाल्या, थेरपिस्ट मॅडम मिळाल्या. रोज बेचव आमटी करणारी शेजारीण मिळाली. बायकोचा भाऊ परत मिळाला. आणि सुजाताचं नाव आता मी रोज घेतो. तुम्हीही मदत मागा. मागताना कशी हवी तेही सांगा, कारण माणसं आपल्या परीनं प्रेम करतात आणि त्यांना सांगितलं तर पद्धत बदलतात.

जेवण झाल्यावर सम्यकनं ताट मोरीत नेऊन ठेवलं. मग परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला. माझ्या डोळ्यांकडं न बघता, तोंडाकडं बघत म्हणाला, “उद्या बस.”

‘बस’ हा त्याचा जुना शब्द. ‘उद्या’ मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. खरं सांगायचं तर या दोन वर्षांत मीसुद्धा तो फक्त औषधांच्या वेळेसाठी वापरला होता.

“हो,” मी हळू आवाजात म्हणालो. “उद्या बस.”